तिसऱ्यांदा

बंडोपंत ओलं डोकं उपरण्यानं पुसत सायकलवर बसले आणि आंजीच्या रस्त्याला लागले, तेव्हा बंबखान्याच्या जमादाराच्या, चंद्रभानच्या तोंडात तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं होतं, आणि ते त्यानं गिळलं. आधी दोनदा तो बोलला होता. पहिल्यांदा साधं, कामाच्या आवाजात, "पंत, सायकलवर बसू नका. बाजेवर निजा, आमी दवाखान्यात नेतो." दुसऱ्यांदा मनगट धरून, "आता तुमाले काई वाटत नाई, मले माईत हाय. संध्याकाळी वाटन. जाऊ नका." त्यावर बंडोपंत, ट्रान्सपोर्टच्या गोदामातले पन्नाशी उलटलेले कारकून, अंगाला चिकटलेलं धोतर सोडवत म्हणाले होते, "अहो जमादार, भर रस्त्यात आंघोळ घातलीत, आता तिरडीही बांधता काय?" आणि गल्लीच्या तोंडाशी जमलेले पन्नास-साठ लोक एकदम हसले होते. चंद्रभानचे कान गरम झाले. त्यानं मनगट सोडलं. समोरच्या दुकानदारानं बंडोपंतांना कोरडं धोतर दिलं, कुणी चहा दिला, तो त्यांनी उभ्यानं प्याला, आणि मग सायकल निघाली. वळण येईपर्यंत चंद्रभान पाहत होता. पाठ ताठ होती. पायडल मारताना कुठे थांबणं नव्हतं. माणूस अगदी बरा होता, आणि तेच वाईट होतं.

आता साडेअकरा वाजले होते आणि सरकारी दवाखान्याच्या लांब खोलीत खिडकीशेजारच्या खाटेवर चंद्रभान उशांना टेकून बसला होता. त्यालाही काही होत नव्हतं. घशात थोडी खवखव होती, विड्यात चुना जास्त पडल्यावर असते तेवढी. डोळ्यांतून मघाशी पाणी आलं होतं, ते थांबलं होतं. डॉक्टर बोकारे वयानं तिशीच्या आतले, नागपूरहून नवीनच आलेले. त्यांनी पुढून-मागून नळी लावून छाती ऐकली, बोटांनी ठोकून पाहिली आणि म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. तुम्हाला चार माणसांनी बाजेवर घालून का आणलं?" चंद्रभान म्हणाला, "मीच सांगतलं, साहेब. चालाचं नाई म्हनून." डॉक्टरांनी भुवया वर केल्या. "नाव काय म्हणालात त्या ॲसिडचं?" चंद्रभाननं सांगितलं. फुटलेल्या काचेच्या बुधल्याच्या मालपावतीवरचं इंग्रजी नाव त्यानं आत जायच्या आधीच एका मास्तरांकडून वाचून घेतलं होतं आणि पाठ केलं होतं. सोनार ज्याला तेजाब म्हणतात, ते. "मंग त्याच्यावर भुसा टाकला लोकाईनं. तांबडा धूर निघाला. त्या धुरात मी दोन श्वास घेतले." डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू न दाखवण्याची खटपट दिसली. "दोन?" "दोन. मोजले मी." "बरं. पडून राहा." ते पुढच्या खाटेकडे गेले. शेजारची खाट रिकामी होती. चादर नुकतीच बदललेली. चंद्रभाननं ती खाट आल्या आल्याच राखून ठेवायला लावली होती, बंडोपंतांसाठी.

प्रेमदासला त्यानं दवाखान्याच्या दारातूनच पाठवलं होतं. प्रेमदास बंबखान्यातला सगळ्यात भरवशाचा माणूस. शब्दाला जागणारा, पण कुणाला नाही म्हणता येत नसे त्याला. "सायकल घे कोनाची बी, अन् जा. रस्त्यात भेटले तं सायकलवरून उतरव. आंजीले पोचले असन तं तिथून घेऊन ये. चालू देऊ नको. बंडीत बसवून आन, ट्रकमंदी आन, कशात बी आन." "अन् नाई आले तं?" "आन म्हनलं ना." प्रेमदास गेला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. बंडोपंत निघाले दहाला. या सव्वा तासाचा हिशोब चंद्रभान खाटेवर बसून पुन्हा पुन्हा लावत होता. मधल्या वेळात रेती टाकायची होती, पाणी मारायचं होतं, गल्लीतली घरं रिकामी राहतील हे पाहायचं होतं, दोन माणसं पहाऱ्याला ठेवायची होती. सगळं खरं होतं. पण प्रेमदास तिथे समोरच उभा होता, दोर हातात घेऊन. दहा वाजताच त्याला म्हणता आलं असतं, जा मागं. म्हटलं नाही, कारण तोवर लोक पांगले नव्हते.

खोली शांत होती. पलीकडे कुणी म्हातारा कण्हत होता. चंद्रभान आपला श्वास पाहत होता. श्वास पाहायला लागलं की तो आपला राहत नाही. कुणीतरी आत बसून भाता ओढतंय असं वाटतं, आणि तो माणूस मध्येच थांबेल काय अशी धास्ती वाटत राहते. त्यानं लक्ष दुसरीकडे नेलं. सकाळ पहिल्यापासून लावून पाहिली. कुठे चुकलं नव्हतं. निरोप आला सव्वाआठला: मालधक्क्यामागच्या गोदामात तेजाबाचा बुधला फुटला, आत धूर झाला. सहा बुधले होते, माणसाच्या कमरेएवढे, काचेचे, भाताचं तणस भरलेल्या टोपल्यांत बसवलेले. हमालाच्या हातून एक निसटला. बंडोपंतांनी हमालांना बाहेर काढलं, ते बरोबर केलं, आणि शेजारच्या सुताराकडून भुशाची दोन पोती आणून त्या सांडलेल्या तेजाबावर ओतवली. तेल सांडलं की टाकतात तसा. त्यांना काय माहीत? तेजाब भुशाला आणि तणसाला खातं आणि खाताना धूर सोडतं. बंब आला, तो दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावातून घेतलेला जुना ट्रक आणि त्याच्यावर बसवलेला पंप, तेव्हा चंद्रभाननं तो गल्लीच्या तोंडाशीच थांबवला. खाली उतरून चिमूटभर माती वर उडवून पाहिली. थंडीचे दिवस, वारा उत्तरेकडून, अगदी हलका. गोदामाच्या दारातून निघणारा धूर वर जात नव्हता. जड होता, उंबऱ्यावरून उतरून दक्षिणेच्या विणकरांच्या घरांकडे सरकत होता. रंग वीटकरी. तो रंग चंद्रभाननं आधी एकदा पाहिला होता. ड्रायव्हर म्हणाला, "गाडी दारापाशी घेऊ काय, जमादार?" "एक पाऊल पुढं नाई. फिरव, अन् वरच्या अंगानं लाव." लोकांतून कुणीतरी ओरडलं, "विझवाले आले का पाहाले आले?" चंद्रभाननं आधी दोन माणसं विणकरांच्या घरांकडे पाठवली. बाया, पोरं, म्हातारी माणसं, बकऱ्या, सगळं उठवून वाऱ्याच्या वरच्या बाजूला देवळाच्या आवारात नेऊन बसवलं. त्यात वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ पाण्याचा एक थेंब मारला नाही. लोकांना तेच दिसत होतं: बंब उभा आहे, नळी गुंडाळलेली आहे, आणि जमादार बकऱ्या हाकतोय.

हे त्याला मुंबईत शिकवलं होतं. लढाईच्या दिवसांत तो गावची वाटणीची शेती भावावर सोडून मुंबईला गेला होता आणि आग विझवणाऱ्या दलात भरती झाला होता. त्याच्या बाजूच्या खाटेवर साळवी नावाचा कोकणातला माणूस होता, भारी थट्टेखोर. परळमधल्या एका गल्लीत रंगाऱ्याच्या कारखान्यात असाच वीटकरी धूर झाला. साळवी आत गेला, दोन माणसांना काढून बाहेर आला, खोकला, थुंकला, आणि म्हणाला, मिरचीची फोडणी यापेक्षा वाईट. दुपारी दोघांनी मिळून बोंबील-भात खाल्ला. चंद्रभानला ते मासे खाता येत नसत, साळवी त्याच्या ताटातले उचलायचा. मग चार जिने चढून गच्चीवर निघाले. चौथ्या जिन्यावर साळवी थांबला. म्हणाला, "आज जिना वाढला वाटतं." संध्याकाळी तो खाटेवर उठून बसला होता आणि तोंडाला गुलाबी फेस होता, आणि तो काहीतरी थट्टेचंच बोलायचा प्रयत्न करत होता, पण शब्दाला लागणारी हवा त्याच्यापाशी नव्हती. साळवी गेल्यावर अधिकाऱ्यानं सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं: हा धूर छातीत जाऊन बसतो आणि तासन् तास गप्प राहतो. मग छातीत पाणी सुटतं. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. धूर घेतलेल्याला चालवायचं नाही, काम करू द्यायचं नाही, एक दिवस एक रात्र निजवून ठेवायचं, तो कितीही बरा दिसला तरी. चंद्रभाननं हे ऐकलं तेव्हा त्याला त्या चार जिन्यांची आठवण झाली. ते जिने साळवीला त्यानंच चढवले होते; गच्चीवर वारा असतो म्हणून.

बारा वाजता मनकर्णाबाई डबा घेऊन आली. बायकोनं आधी खोली पाहिली, मग त्याला पाहिलं, मग डबा खिडकीत ठेवला. "बजारात सांगून राह्यले लोकं, जमादाराले तिरडीवर नेलं म्हनून. मी धावत आली. अन् हे इथं राजावानी टेकून बसले." "हळू बोल." "काऊन हळू? काय झालं तुमाले?" "काई नाई झालं." "मंग?" "झालं तं संध्याकाळपर्यंत होईन."  वीस वर्षांत तिनं त्याला तापात बंबावर जाताना पाहिलं होतं, जिनिंगच्या आगीत पाठ भाजून आल्यावर दुसऱ्या दिवशी उभा पाहिला होता. हा माणूस काही न होता खाटेवर बसला, याची तिला भीती वाटायला लागली होती आणि ती भीती रागासारखी बाहेर येत होती. "भाकर खाता का?" "थोडी. पोटभर नको." ती स्टुलावर बसली. त्यानं हात पुढे केला तेव्हा तिनं भाकरीचा तुकडा मोडून हातात दिला, लहान पोराला देतात तसा. मग ती तिथून हलली नाही.

दोन श्वास. ते कसे घेतले गेले हे तो सारखं आठवत होता. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. दारासमोर अर्धवर्तुळात रेतीचा बांध घातला, म्हणजे ते तेजाब नालीत उतरून गल्लीच्या विहिरीकडे जाणार नाही. आता दुरून, भिंतीआडून, भरपूर पाणी मारायचं. थोडं पाणी पडलं तर ते उकळून उडतं, म्हणून एकदम भरपूर. नळी उलगडली. तेवढ्यात कुणी म्हणालं, पंत कुठी गेले? मागच्या दाराला कडी नव्हती. बंडोपंत तिकडून आत गेले होते. त्यांची सायकल आत होती, आणि सायकलच्या हँडलला पिशवी होती, आणि पिशवीत आंजीला लेकीच्या लेकीचं बारसं होतं त्यासाठी शिवून घेतलेली कुंची होती. त्यांनी आतून आवाज दिला, "आलो, आलो, इथंच आहे!" आवाज अगदी घरगुती होता. खोकत होते, पण त्यांना अडकलो असं वाटत नव्हतं. सायकल पोत्यांमध्ये फसली होती आणि ते ती ओढत होते. पाच मिनिटं झाली असतील. बंबखान्यात तोंडावर लावायचा एक लष्करी मुखवटा होता. त्याच्या डब्यातला धूर गाळणारा मसाला कधीच मेलेला, हे चंद्रभानला माहीत होतं. त्यानं तो घेतला नाही. कमरेला दोर बांधला, दुसरं टोक प्रेमदासच्या हातात दिलं. "दोन झटके मारले का ओढ. नाई मारले तं शंभर मोज, अन् ओढ. मागं कोनी येऊ नये." बाहेर छाती भरून घेतली आणि आत गेला. वाकला नाही, हा धूर खाली बसतो, त्यात मान वर ठेवायची. बंडोपंतांचा दंड सापडला. ते सायकल सोडेनात. "अहो, निघालीच आहे, एवढं चाक." बोलावं लागलं. बोलायला श्वास लागतो. "सोडा, पंत!" तो एक. मग सायकलसकटच ओढलं त्यांना, आणि दारात पायडल चौकटीत अडकलं, तेव्हा दुसरा. पायडल मोकळं झालं. बाहेर. बाहेर येताच त्यानं नळी दोघांवर धरायला लावली, कारण कपड्यांवर तेजाब उडालेलं असतं. पौषातलं पाणी. बंडोपंत किंचाळले, उड्या मारायला लागले, धोतर सुटायला आलं, आणि लोक हसायला लागले. हसणं तिथे सुरू झालं. त्या क्षणापर्यंत ते घाबरलेले होते. घाबरलेल्या लोकांना हसायला काहीतरी मिळालं की ते सोडत नाहीत, हे चंद्रभानला समजत होतं, तिथे उभ्या उभ्याही समजत होतं. तरी त्याचे कान गरम झाले.

तो स्वतः नंतर उठला नव्हता. ट्रकच्या पायरीवर बसून राहिला आणि बसल्या बसल्या पाणी मारून घेतलं, चुना मागवला, बाकीचे पाच बुधले आहेत तिथेच राहू दिले. "जमादार थकले," कुणीतरी म्हणालं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. स्वतःसाठी हसणं सोसता येत होतं. दुसऱ्यासाठी सोसता आलं नाही, असं का व्हावं? बंडोपंतांना धरून ठेवायला तिथे चार माणसं होती. ओढून बाजेवर घालायचं, दोरानं बांधायचं. पण एवढ्या वयाच्या, शिकलेल्या, पांढरपेशा माणसाला, ओल्या धोतरातल्या माणसाला, सगळ्यांदेखत बांधायचं? त्याच्या हातानं ते झालं नसतं असं नाही. आग लागलेल्या घरातून त्यानं बायांना केसांना धरून ओढलं होतं. पण तिथे आग दिसत होती.

एक वाजता डॉक्टर बोकारे परत आले. हातात जाड पुस्तक होतं, बोट मध्ये घातलेलं. ते खाटेवर टेकले आणि त्यांनी पुन्हा छाती ऐकली, या वेळी बराच वेळ. मग हळू म्हणाले, "पुस्तकात आहे. तुम्ही सांगता तसंच." चंद्रभान म्हणाला, "हो, साहेब." "ते दुसरे गृहस्थ कुठे आहेत?" "आंजीले गेले. सायकलनं." डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. "किती मैल?" "दहा-अकरा." ते उठून गेले, आणि थोड्या वेळानं दोन माणसांनी ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आणून दोन खाटांच्या मध्ये उभा केला. एकच होता. मनकर्णाबाईनं त्या लोखंडी नळकांड्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला.

दोन वाजता चंद्रभानच्या छातीत काहीतरी झालं. घट्ट. बरगड्यांना कुणी दोरी गुंडाळतंय तसं. त्यानं ताबडतोब हाक मारायला लावली. डॉक्टर धावत आले, नाडी पाहिली, नखं पाहिली, छाती ऐकली. "काही नाही. हवा नीट जातेय. भीती असेल." "असन, साहेब," चंद्रभान म्हणाला. पलीकडचा म्हातारा त्याच्याकडे पाहत होता. लाज वाटली, पण सांगायचं होतं तेव्हा सांगितलं होतं. हे इतकं सोपं होतं. हाक मारायची, लाज वाटून घ्यायची. आणि मग खिडकीबाहेर पाहताना त्याच्या मनात आलं की आता उठावं, ट्रक घ्यावा आणि आंजीला जावं. ट्रकनं अर्धा तास. तो म्हणाला तर बंडोपंत येतील. प्रेमदासचं कोण ऐकतं? उठलं तर काय होईल? दोन श्वासच आहेत. कदाचित काही होणार नाही. त्यानं पाय खाली सोडले. फरशी गार होती. मनकर्णाबाई उठून उभी राहिली. तो तसाच बसला, पाय फरशीवर टेकवून, किती वेळ कुणास ठाऊक, आणि मग त्यानं पाय वर घेतले. नियम होता म्हणून घेतले की भीती वाटली म्हणून, हे त्याला त्या वेळी सांगता आलं नसतं. चौथ्या जिन्यावर थांबलेला साळवी त्याला दिसत होता. दोन्ही एकच होतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि त्यानं त्याचं समाधान झालं नाही.

पाच वाजता बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. कापसाचा ट्रक. गाठींवर गादी टाकून बंडोपंतांना आणलं होतं. त्यांना आत आणलं तेव्हा चंद्रभाननं चेहरा पाहिला आणि पुढचं सगळं त्याला कळलं. ओठ जांभळे. ते निजायला तयार नव्हते. निजवलं की उठून बसत. डॉक्टरांनी सिलिंडर उघडला. "पाठीशी उशा द्या, साहेब, बसूनच राहू द्या. बोलाले लावू नका," चंद्रभान म्हणाला, आणि डॉक्टरांनी मान हलवून तसंच केलं. बंडोपंतांची नजर एकदा त्याच्याकडे वळली. नजरेत राग नव्हता. एखाद्या शाळकरी मुलानं फळ्यावरचं गणित आत्ता समजल्यासारखं पाहावं, तसे ते पाहत होते. दोघांच्या खाटांमध्ये दोन हातांचं अंतर होतं. चंद्रभाननं हात लांब केला आणि त्यांच्या खाटेच्या कडेवर ठेवला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

प्रेमदास भिंतीशी उभा होता. चंद्रभाननं त्याला जवळ बोलावलं. तो कानाशी वाकून बोलला. "मी दीडले पोचलो, जमादार. ते अंगणात बसले होते, नातीले मांडीवर घेऊन. चांगले होते. मी सांगतलं. ते म्हनाले, जेवन होऊ दे, मंग पाहू. घरच्याईनं मले बी पान वाढलं." तो थांबला. "मी जेवलो, जमादार." चंद्रभाननं बंडोपंतांकडे पाहिलं. "बाई आग्रह करून राह्यल्या होत्या. बुंदी होती. मी दोनदा घेतली. तीनले खोकला सुरू झाला त्याईले. मंग ट्रक भेटता भेटत नव्हता."  चंद्रभान म्हणाला, "जेवला तं जेवला." "पन मी..." "सव्वाअकराले पाठवलं तुले. दहाले पाठवाले पायजे होतं. तू जेवला नसता तरी ते निघाले नसते. जा, घरी जा. आंघोळ कर." प्रेमदास गेला नाही. तिथेच खाली बसला.

दिवेलागणीला बंडोपंत गेले. शेवटचा अर्धा तास डॉक्टर त्यांच्या पाठीमागे उभे राहून त्यांना दोन्ही हातांनी धरून होते. गेल्यावर त्यांनी सिलिंडर बंद केला आणि त्याची तोटी पुन्हा पुन्हा आवळली, ती आधीच घट्ट झालेली असताना.

बंडोपंतांच्या पत्नी यशोदाबाई त्याच ट्रकमधून आल्या होत्या. बारशाचं लुगडं अंगावर होतं. त्या रडल्या नाहीत, निदान तिथे नाही. त्या आल्या आणि चंद्रभानच्या खाटेशी उभ्या राहिल्या. मनकर्णाबाईनं स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

"तुम्ही जमादार ना?"

"हो, बाई."

"तुम्हाला माहीत होतं म्हणे. असं होतं म्हणून."

"हो."

"मग जाऊ कसं दिलंत त्यांना?"

चंद्रभानला पुष्कळ सांगता आलं असतं. दोनदा सांगितलं होतं. आत जाऊन त्यानंच बाहेर काढलं होतं. त्यांनीच ऐकलं नाही. हे सगळं खरं होतं आणि तिथे पन्नास माणसं साक्षीला होती. तो म्हणाला, "लोकं हासून राह्यले होते."

यशोदाबाई जराशा पुढे वाकल्या. जणू त्यांना ते नीट ऐकू आलं नव्हतं.

"कोण लोक?"

त्यानं आठवून पाहिलं. खरंच पाहिलं. गल्लीचं तोंड, टांग्याचा घोडा, सुताराच्या दारातली फळी, ती आठवत होती. चेहरा एकही आठवेना.  मनकर्णाबाई त्यांचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन गेली.

चंद्रभानला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी त्याला सोडलं. तो घरी पायी गेला, हळूहळू, आणि रस्त्यात कुणी काही बोललं नाही. बंडोपंतांची बातमी गावभर झाली होती.

आठ दिवसांनी उरलेले पाच बुधले हलवायचे होते. मालकानं नागपूरहून ट्रक पाठवला होता. चंद्रभाननं गोदामाची दोन्ही दारं आदल्या दिवसापासून उघडी ठेवली, विणकरांच्या घरांत सकाळीच निरोप दिला, ट्रक वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावला, खाली रेती पसरली, पाण्याची दोन पिंपं भरून ठेवली. एका वेळी एक बुधला, चार हमाल, दोन बांबू, मध्ये टोपली. चार बुधले गेले. पाचव्याचं बूच सैल निघालं. टोपली कलली आणि पसाभर तेजाब तणसावर सांडलं. लगेच त्या जागेवर वीटकरी वाफ उठली, फार नाही, चुलीवर दूध उतू जाताना येते तेवढी. चंद्रभान ओरडला, "ठेवा! खाली ठेवा अन् मागं व्हा!" तिघं मागे झाले. चौथा नत्थूजी, गोदामातला सगळ्यात जुना हमाल, टोपली सरळ करायला वाकलेला होता. त्याच्या तोंडावरून ती वाफ गेली. मग तोही मागे झाला, डोळे चोळत. पाणी मारलं. धूर विरला. नत्थूजी एकदा खोकला, तंबाखू काढली आणि म्हणाला, "काई नाई झालं. चला, उचला."

"बाजेवर नीज," चंद्रभान म्हणाला.

"कायले?"

"नीज म्हनलं ना."

"अरे बापा, एवढासा धूर! अजून दोन खेपा हायेत माया, मालधक्क्यावर."

चंद्रभाननं प्रेमदासकडे पाहिलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. प्रेमदासनं आणि ड्रायव्हरनं नत्थूजीला दोन्हीकडून धरलं, बाजेवर आडवा केला, आणि चंद्रभाननं स्वतः त्याच्या छातीच्या खालून आणि गुडघ्यांवरून दोर फिरवला, श्वासाला जागा राहील इतका सैल, उठता येणार नाही इतका घट्ट. नत्थूजी आधी हसला, मग त्याला खरं वाटलं आणि तो ओरडायला लागला. लोक जमले. कुणी म्हणालं, जमादाराच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला चोरासारखं बांधलं. बाज उचलली. दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात नत्थूजीनं चंद्रभानची आई, आजी, गाव, बंबखाना, कुणालाच सोडलं नाही. चंद्रभान बाजेच्या बाजूनं चालत होता. कान गरम झाले होते. तो चालत राहिला.

डॉक्टर बोकाऱ्यांनी काही विचारलं नाही. खाट तयार होती, सिलिंडर शेजारी होता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नत्थूजीला साधा खोकलाही आला नाही. त्याला सोडलं. बांधलं नसतं तर त्याला काही झालं असतं की नसतं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, आणि चंद्रभाननं ते विचारलंही नाही. त्या दोन खेपा नत्थूजीच्या बुडाल्या, त्या दुसऱ्या कुणी मारल्या.

पुढच्या रविवारी बाजारात दोघांची गाठ पडली. नत्थूजी भाजीच्या रांगेत डोक्यावर पोतं घेऊन चालला होता. चंद्रभानला पाहताच तो थांबला. पोतं त्यानं खाली उतरवलं, कमरेवर हात ठेवले आणि शिव्यांना सुरुवात केली. मोठ्यानं, सगळ्या बाजारानं ऐकावं असं. भाजीवाल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मनकर्णाबाई नवऱ्याची बाही ओढत होती, "चला ना, काय उभं राह्यले?" चंद्रभान हलला नाही. नत्थूजीचं एकेक वाक्य लांब होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात जाणारं, मध्ये कुठे अडखळणं नव्हतं, कुठे धाप लागत नव्हती, आणि ते संपेपर्यंत चंद्रभान तिथे ऐकत उभा राहिला.